शेवाळावरचं शेत

"अय्यो मुकादम! ते कुटं नेता? खाली ठेवा! ठेवा म्हणते की!"

तलावाच्या बांधावर उभी राहून राजक्का ओरडत होती. आम्ही सगळे बाप्ये कुजलेल्या शेवाळानं भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्याकडे निघालो होतो, ते जागच्या जागी थांबलो. राजक्काचा आवाज कसा होता हे आजच्या लाउडस्पीकरवाल्यांना सांगून पटणार नाही. तिनं बांधावर तोंड उघडलं की तिकडं होटगी स्टेशनात उभी असलेली मालगाडी गार्डाची शिट्टी समजून सुटायची. स्टेशनमास्तरानं वरपर्यंत तक्रार केली होती म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण इतकी वर्षं म्हणतोय की आता ते खरंच झालं असणार.

"ओढ्यात टाकतो, अहो बाई," मी म्हणालो. "घाण आहे ती."

"घाण तुमचं डोकं हाय! ह्ये माती हाय, काळी माती. आमच्याकडं असली माती मिळाली तर मानूस पोरगी देईल."

गँगमधले सगळे हसले. मीही हसलो, पण पाटी खाली ठेवली.

आता माझा धंदा काय होता ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा म्हातारा बांधावर पाट्या घेऊन करत काय होता. सरकारी कागदात मी मुकादम. गावात मला शेवाळ-मुकादम म्हणत. ज्या सोलापुरात माणसं आभाळाकडे बघून बघून मानेनं वाकडी झाली, तिथं मी जन्मभर पाण्यातल्या गवतावर जेवलो, यावर परगावच्या कुणाचा विश्वास बसत नाही. पण काम खरं होतं. तलावाचं पाणी मोरीतून कालव्यात जातं. मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी. तलावात शेवाळ माजलं की ते वाहत येऊन जाळीला बसतं, पाणी अडतं आणि खालचे ऊसवाले लाठ्या घेऊन वर येतात. त्या लाठ्या माझ्या पाठीपर्यंत पोचू नयेत म्हणून शेवाळ काढायचं, असं ते साधं काम.

शेवाळ म्हणजे एक नव्हे. तळाशी बाईच्या केसांसारखं लांब वाढतं ते एक. वर कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगत फिरते ती गोंडाळ. आणि काठाला पुरुषभर उंच वाढतं ते पाणकणीस. एका वर्षी हे तिन्ही मिळून असं दाटलं की एक म्हैस या काठानं चढली आणि खूर न भिजवता त्या काठाला उतरली. तिचा मालक मागून गेला तो मात्र मधेच बुडाला; तो वजनानं जास्त होता.

लांब बांबूला आकडी बांधून आम्ही शेवाळ ओढायचो. होडी नव्हती. भीमाकाठचे लोक पूर्वी गूळ करायच्या काहिलीत बसून नदी उतरत, तशी एक जुनी काहील आम्ही पाण्यात सोडली होती. काहिलीला नाक नाही आणि शेपूटही नाही. बसलं की आधी ती स्वतःभोवती फिरते आणि मग कुठं जायचं ते आपल्याला न विचारता ठरवते. पहिल्या वर्षी मी बहुतेक वेळ तलावाच्या मध्यावर गरगरतच होतो. पगार तेवढाच मिळाला.

तर राजक्का. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा ती गँगमध्ये आली. मूळची तेलंगणातली. नवरा इथं साखर पेठेत मागावर बसायचा, तो गेला, मूलबाळ नव्हतं. मल्लेश नावाच्या भाच्याकडं ती राहायची. तोही विणकरच. आपल्याकडं आत्या, तसं तो तिला अत्ता म्हणायचा. सुताच्या कांड्या भरून भरून डोळे दुखायला लागले, तेव्हा उजेडात काम पाहिजे म्हणून ती तलावावर आली. चाळिशी गाठत होती. सगळी गँग तिला राजक्का म्हणायची. मला मात्र तिला अक्का म्हणणं जड जायचं. का, ते विचारू नका. मी 'अहो बाई' म्हणायचो, आणि लिहिताना तरी आज अक्का म्हणून घेतोय.

तिला एकच दुःख होतं, आणि ते ती दिवसातून दहा वेळा सांगायची. तिच्या माहेरी घरापुढं भाताची खाचरं. इथं जिकडं बघावं तिकडं ज्वारी. मंगळवेढ्याचा बापू आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी. तो तिला मुद्दाम डिवचायचा.

"अक्का, भात खाऊन अंगात जोर येतो व्हय? आमच्याकडं आजारी मान्साला देत्यात भात."

"म्हनून तुमी सगळे निरोगी आनि येडे," ती म्हणायची. "माज्या हातानं जितं मूठभर भात उगवत न्हाय, ते गाव माजं कसं म्हनू? सांग की."

गावाकडून थोरल्या भावाचा निरोप सारखा यायचा, की तू परत ये, तिथं तुझं आता आहे कोण. एक दिवस पाट्या उतरवताना तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दिवाळीपातुर बघते. भात पिकलं तर ऱ्हाते. न्हाय पिकलं तर गाडी." वर गळ्यातल्या देवीच्या टाकाला हात लावून शपथ घातली. सगळे पुन्हा हसले. मी या खेपेला हसलो नाही. मी आकडीची धार बघत बसलो. आकडीला धार नसते.

पण भात पिकवायचं कुठं? जमीन होती तिथं पाणी नव्हतं, आणि पाणी होतं तिथं जमीन नव्हती. यावर राजक्काचं उत्तर तयार होतं. तिचा नवरा तरुणपणी ब्रह्मदेशात रंगूनकडं मजुरीला गेला होता. तिकडं एका मोठ्या तलावात लोक पाण्यावर तरंगते वाफे करून भाजी पिकवतात, हे त्यानं तिला सांगितलं होतं. "भाजी ऱ्हाते तर भात का न्हाय? मुकादम, तुमी नुसता जागा द्या. माती मी करते."

तलाव सरकारचा, आणि मी सरकारचा सगळ्यात खालचा माणूस. तरी मी कोपऱ्यातल्या उथळ पाण्याकडे हात करून म्हणालो, "घ्या." जणू माझ्या बापाचाच होता.

माती तिनं केली ती अशी. ओढलेलं शेवाळ काठावर चार दिवस निथळत ठेवायचं. मग त्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चुलीतली राख, पुन्हा शेवाळ, असा माणसाच्या छातीएवढा ढीग. अधूनमधून वरचं खाली आणि खालचं वर करायचं. ढीग आतून असा तापायचा की आम्ही त्यात घागर पुरून अंघोळीचं पाणी काढायचो. बापूनं एकदा त्यात वांगं भाजलं. सुरुवातीला वास असा सुटला की कावळेसुद्धा नाक धरून लांबून फिरून जायला लागले. पण दीड-दोन महिन्यांनी वास गेला आणि हातात घेतलं तर काळंभोर, मऊ, चहाच्या पत्तीसारखं. राजक्कानं ते मुठीत धरून माझ्या नाकाशी आणलं. "घ्या की वास." मी घेतला. इतक्या वर्षांत बऱ्याच गोष्टींचा वास विसरलो. तो नाही विसरलो.

तराफा आम्ही सगळ्यांनी मिळून बांधला. खाली वाळलेले मोठे भोपळे, त्यांवर पाणकणसाच्या जाड पेंढ्या आडव्या-उभ्या, काथ्याच्या दोरीनं आवळलेल्या, आणि वर वीतभर ती काळी माती. पाणी खालून आपोआप झिरपतं. ओलं करायला नको आणि पावसाची वाट बघायला नको. सोलापुरातलं आभाळाकडं न बघणारं हे पहिलं शेत. बियाणं मल्लेशच्या बायकोच्या माहेराहून आलं. काठावरच्या वाफ्यात रोप तयार झालं, आणि आषाढात राजक्कानं कमरेत पदर खोचून लावणी केली. काहील एका हातानं मी धरून ठेवली होती. दिवसभर. इतका वेळ काहील जागेवर स्थिर राहिल्याची ती एकच वेळ.

लावणी होऊन थोडे दिवस झाले आणि असा वारा सुटला की एका सकाळी शेतच जागेवर नाही! दोर तुटून आमचं रान पलीकडच्या काठाला गेलेलं. पलीकडं बसप्पाचा मळा. आम्ही काहिलीतून पोचलो तर त्यानं तराफा आपल्या बाभळीला बांधून टाकलेला आणि स्वतः बांधावर बसून पान खातोय.

"इदु नम्म होल," तो म्हणाला. कानडीत. म्हणजे हे शेत आमचं. "माझ्या बांधाला लागलं. वाऱ्यानं दिलं, देवानं दिलं. तुमाला काय?"

राजक्कानं तेलुगूत सुरुवात केली, तो कानडीत उत्तरं देत होता आणि मधल्या शिव्या तेवढ्या दोघं मराठीत देत होते, म्हणून मला भांडण समजत होतं. आमच्या काठावरून बापू दोघांनाही चिथावत होता. शेवटी मी बसप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसप्पा, तुझं तर तुझं. मी आजच तलाठ्याला सांगतो, बसप्पाची जमीन वाढली. तो येऊन मोजील. एवढी मोजताना बाकीची पण मोजीलच."

बसप्पानं एकदा आपल्या ओढ्याकाठच्या रानाकडं पाहिलं. ते रान कागदावर होतं त्यापेक्षा दर साली थोडं रुंद होत आलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्याला कळलं. त्यानं दोर सोडला. वर आमच्याबरोबर काहिलीतून येऊन तराफा ओढायला हात लावला. जाताना राजक्काला म्हणाला, "पिकलं तर मूठभर धाड, अक्का." ती म्हणाली, "तोंड धुऊन ये."

दुसरं संकट साहेबांचं. आमचे ओव्हरसियर साहेब पुण्याकडचे. एक दिवस बांधावर येऊन त्यांनी विचारलं, "हे हिरवं काय आहे?" सरकारी पाण्यात भात पिकवतोय म्हटलं असतं तर त्याच दिवशी तराफा मोडला असता आणि माझी मुकादमकीही. पण साहेबांना बदकांच्या शिकारीचं वेड होतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत.

"साहेब, आपल्यासाठीच केलंय. शिकारीचा आडोसा. बदकं जवळ येतात."

साहेबांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दुनळी बंदूक घेऊन हजर. काहिलीतून नेऊन आम्ही त्यांना तराफ्यावर निजवलं. बदकं आली, साहेबांनी बार काढला, आणि त्या धक्क्यानं तराफा साहेबांसकट जो मागं सुटला तो थेट मोरीपर्यंत. बदकं तिथंच. असं मी सांगतो. बापू म्हणतो चार हात सरकला असेल. बापूला मोजमाप कधीच कळलं नाही.

काठावरून राजक्काचा आवाज आला, "ओ साहेब! रोपावर निजला की तुमी! उटा! उटा आदी!"

साहेब दचकून उठून बसले. "ही बाई कोण?"

"ही साहेब, ते गवत वाढवते."

साहेबांनी टोपी पिळत विचार केला. "मग तिला सांग, गवत आणखी दाट कर. माझे पाय दिसत होते."

अशा रीतीनं आमचं भात सरकारी हुकमानं वाढायला लागलं. आणि काय वाढलं! भाद्रपदात तलाव तुडुंब भरला. सगळ्या पाण्यावर ते एकच हिरवं चौकोनी रान डुलत असायचं. दुपारी काम थांबलं की राजक्का बांधावर बसून त्याच्याकडे बघायची. मी थोडं लांब बसून तिकडेच बघायचो. तिकडेच म्हणजे भाताकडे, असं बापूला वाटायचं. गिरणीचा भोंगा लांबून यायचा, वारा आला की भात सळसळायचं, आणि ती कुठलंसं तेलुगू गाणं तोंडातल्या तोंडात म्हणायची. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, गाणं मात्र ऐकू येईल न येईल असं. तलाव आजही आहे. मी अजून कधीमधी जातो आणि बांधावर त्याच जागी बसतो. पाणी आहे, वारा आहे, भोंगा परवापर्यंत होता. ते गाणं कुठलं होतं ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर विचारू म्हटलं होतं. भात पिकणार होतं आणि ती राहणार होती, मग घाई कशाला?

आश्विन सरता सरता लोंब्या पिवळ्या पडून वाकल्या. राजक्कानं दिवस ठरवला. नवं मडकं आणते म्हणाली, दूध आणते, मल्लेशच्या बायकोला आणते, पूजा करून मग कापणी. "मी आल्याबगर कुनी हात लावायचा न्हाय." इतकं स्पष्ट सांगून गेली होती.

त्या सकाळी मी मोरीवर फळी बसवत होतो. तेवढ्यात तलावावर चिमण्यांचा थवा उतरला. लहान, तपकिरी, शेकड्यांनी. बापू म्हणतो शेकड्यांनी. मी म्हणतो आभाळ काळं झालं. सगळा थवा त्या एवढ्याशा भातावर. बापूनं गोफण फिरवली, हाळी दिली, चिमण्या उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. अक्का येईपर्यंत दाणा राहणार नाही, हे त्याला दिसत होतं. आणि त्यानं जिवाभावानं, तिच्यासाठी, ते केलं जे आमच्या मुलखातला कुठलाही शहाणा माणूस करतो.

शहरी वाचकांसाठी सांगतो. आमची रब्बीची ज्वारी कापत नाहीत. उपटतात. दोन्ही हातांत धाट धरायचं, कमरेत वाकायचं आणि मुळासकट खेचायचं. कडबा पुरता हाती येतो आणि रान मोकळं होतं. गड्याची किंमत तो किती ओळी उपटतो यावर ठरते. मंगळवेढ्यात तर लग्नाला मुलगा बघताना त्याचे तळहात बघतात. बापूचे तळहात म्हणजे बैलाचे खूर.

"चला रं! अक्का यायच्या आत रान मोकळं करू! खूश होईल!"

सगळी गँग छातीभर पाण्यात उतरली. मला मोरीवर त्यांची आरोळी ऐकू आली आणि मी वर धावलो. त्याच वेळी समोरून बांधावर राजक्का येत होती, डोक्यावर नवं मडकं, मागं मल्लेशची बायको दुधाचा तांब्या घेऊन. तिनं पाहिलं आणि ओरडली, "उपटू नका! उपटू नका रे! कापा!"

तिचा आवाज होटगीला गेला असेल, पण पंचवीस हातांवर पोचला नाही. तिथं सगळे उपटण्याच्या जोरात एकमेकांना ओरडून चेतवत होते.

भोपळे केव्हाच कुजले होते. काथ्या सुटला होता. पावसाळाभर तो तराफा दोरीनं नव्हे, भाताच्या मुळांनी धरून ठेवला होता. मुळं मातीतून, पेंढ्यांतून खाली पाण्यात उतरून एकमेकांत विणली गेली होती, साखर पेठेत विणतात त्याहून घट्ट. ती एकेक करून उपटली जाऊ लागली, आणि आमचं शेत मधून उसवलं. काळी माती ढगासारखी पाण्यात पसरली. मुळांना मातीचे गोळे लागलेले, त्या वजनानं उपटलेल्या जुड्या सरळ तळाला गेल्या. बापूच्या दोन्ही हातांत दोन जुड्या होत्या, तेवढ्या राहिल्या. तो त्या वर धरून पाण्यात उभा, आणि भोवती काहीच नाही.

सगळ्यांनी बुड्या मारल्या. चिखलातून हाताला येईल ते काढलं. राजक्का बांधावर उभी होती. मडकं डोक्यावर तसंच. मी वाट बघत होतो की आता ओरडेल. सगळेच बघत होते. बापू रडत होता आणि म्हणत होता, "अक्का, शिव्या दे की. दे की गं शिव्या."

तिनं मडकं उतरवलं, काठावर बसली आणि चिखलातल्या लोंब्या पाण्यात धुऊन पदरावर घ्यायला लागली. तिची गप्प बसलेली दुपार मी त्या एका दिवशी पाहिली.

शपथ सगळ्यांसमोर घेतलेली होती; चिमण्यांनी टिपून उरलेलं पाण्यात झडलं, मूठभरही दाणा हाती आला नव्हता. दिवाळी झाली आणि ती निघाली. वाडी जंक्शनला गाडी बदलून पुढं जायचं होतं. गँगला कामाला लावून मी स्टेशनवर गेलो. खिडकीशी उभा राहिलो. म्हणायचं एकच वाक्य होतं. माझ्याजवळ खोटं पोत्यांनी भरलेलं असतं, खरं ते एवढंसं निघेना. मी तिला साहेबांची गोष्ट सांगायला लागलो. तराफा मोरीपर्यंत, मोरीतून कालव्यात, कालव्यातून पंढरपुरापर्यंत नेला. ती हसली. हसता हसता म्हणाली, "मुकादम, तुमी लई खोटं बोलता." गाडी सुटली. पुढं मी काही खरं बोलणार होतो की नाही, ते मलाही कळलं नाही.

पुढच्या साली मी स्वतः तराफा बांधला. गरज कुणालाच नव्हती. ढीग लावला, माती केली, मल्लेशकडून बियाणं मागवलं, लावणी केली. ओळी वाकड्या आल्या. कापणीला दुधनीच्या बाजारातून विळे आणले. बापूनं आपणहून स्वतःचे हात उपरण्यानं मागं बांधून घेतले आणि बांधावर बसून राहिला. पीक दहा पोती आलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे एक गाठोडं. भात कांडून, पाखडून, तांदूळ धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून मी साखर पेठेत गेलो. मल्लेश गावाकडं लग्नाला निघाला होता.

"अत्ताच्या हातात दे," मी म्हणालो. "सांग, तलावावर भात पिकलं. कापून काढलं, उपटलं नाही. सांग, आता यायला हरकत नाही."

तो महिन्याभरानं परतला. मी गेलो तेव्हा मागावर बसलेला. खटक्-खटक् धोटा चालू. मी उंबऱ्यात उभा राहून वाट बघितली. त्यानं काही मान वर केली नाही.

"दिलेस तांदूळ?"

"दिलं."

"काय म्हणाली?"

मल्लेशनं तुटलेला धागा जोडला, गाठ मारली आणि पुन्हा पाय हलवला.

"घरातल्यांनी खाल्लं ते," तो म्हणाला. "अत्ता भात खात न्हाय आता. ज्वारीची भाकर मागते."